मानवेल ते

आमच्या कारखान्यात गर निवडतात हातानं,
ट्यूबलाइटखाली.
अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा,
जरासा डाग पडला तर त्याचाही डबा वेगळा.
या डब्यातला त्या डब्यात गेला
की मुकादम किलोमागे पैसे कापतो.

हे मला आठवत होतं
वेंगुर्ल्याच्या अलीकडे, आरोग्य केंद्राच्या बाकावर,
कारण आत खोबरेकर सिस्टर म्हणत होत्या,
"ह्याच आसा गे. व्हया तर घे."

पहिल्यांदा गोळी घेतली.
आठ महिने डोक्यात कुणीतरी नारळ खवत बसलेलं.
मग तांबी.
तांबी फुकट. पण महिन्यातले बारा दिवस वाहून जायचे,
जुन्या चादरी संपल्या, पॅड विकत आले,
रक्त आठवर, लोहाच्या गोळ्या बाहेरून,
अर्ध्या दिवसाच्या रजा.
फुकटची तांबी कितीला पडली
तो हिशेब कॅलेंडरच्या मागे आहे अजून.

जितू म्हणतो, राहू दे, मी सांभाळतो.
जितू ट्रॉलरवर. पंधरवड्यानं येतो,
अंगाला डिझेल, डोळ्यांत तुंबलेली झोप.
सांभाळतो म्हणतो ते अगदी मनापासून म्हणतो.
धाकटा तसाच झाला.

मग इंजेक्शन. तीन महिन्यांतून एकदा, दंडात.
ते मला मानवलं.
म्हणजे कसं, तर
सकाळी उठल्यावर अंग आहे हे आठवलंच नाही,
थेट चहा ठेवला.

दोनदा मिळालं.
तिसऱ्यांदा सिस्टरनी कपाट उघडून दाखवलं,
कापूस, थर्मामीटर, एक मेलेली पाल.
वरून येत नाही. पैसे कमी केलेत म्हणे.
कुडाळला खाजगीत मिळतं,
पण औषध, डॉक्टरची फी, एसटी, बुडालेला रोज,
तेवढ्यात आमचा गॅस येतो, आणि वर तांदूळ.
"ऑपरेशन करून टाक मगे," आवाज मऊ करून,
"फुकट. वर पैसे देतत."
एकोणतीस वय माझं.
मला दार लावून घ्यायचंय, कडी आतून.
भिंत कुठे मागितली मी?

टेबलावर रजिस्टर उघडं होतं.
मुकादमाच्या वहीनं शिकवलंय, आकडे मला उलटे वाचता येतात.
मागणीच्या रकान्यात शून्य. खाली शून्य. त्याखाली शून्य.
"सिस्टर, मी मागतंय मां?"
"नसलेल्याची मागणी कशी लिवू?"
त्यांच्यावर ओरडावं तर
एक बाई, सात वाड्या, स्कूटरचं पेट्रोल पदरचं.

शनिवारी पगार झाल्यावर आम्ही अकरा जणी गेलो.
बिया फोडणाऱ्या चौघींच्या बोटांची सालं चिकानं काळी,
पेन धरताना सांभाळावं लागलं.
सेवरिना पन्नाशीची, तिला कसलंच काही नको होतं.
"सुनेसाठी लिव," म्हणाली, "ता लाजता."
सिस्टरनी चष्मा पुसला, शून्यावर आडवी रेघ मारली.
अकरा.

दोन महिने काहीच नाही.
त्या दोन महिन्यांत जितू तीनदा आला,
कॅलेंडर बघून झोपलो,
तो पडवीत.

मग खोका आला. बारा कुप्या.
हमिदाला नाही मानवलं, सूज, चिडचिड,
ती माझ्यावरच रागावली, तूच नेलंस म्हणून.
पुढे तिनं तांबी बसवून घेतली, माझ्या अंगानं टाकलेली तसलीच,
आणि आता म्हणते, इतकी वर्षं मी काय करत होते.

माझ्या कार्डावर पुढची तारीख आहे.
तारखेपुढे बारीक अक्षरात: साठा असल्यास.
तारीख मंगळवारची आहे.
मी त्याच्या आधीच्या महिन्यातच जाणार आहे,
नुसतं रजिस्टर बघायला,
उलटं.