वजा चारशेची बाजू

ऐनपूरला माझे वडील दोरी टाकायचे.
म्हणजे केळी लावायच्या आधी वावरात
पाच-पाच फुटांवर गाठ मारलेली सुतळी ताणून
खुंट्या ठोकायच्या, फक्की ओढायची,
उभी ओळ आडवीला भेटते तिथं एक खड्डा.
दगडू वारक्यांची ओळ
रस्त्यावरून पाहिली तरी सरळ,
तिरकी पाहिली तरी सरळ.

लोक विचारत:
मुनवे सतराशे चौसष्ट, वावर चौरस, ओळी किती?
मी आठवीत. ओट्यावर खडूनं
उजवीकडून जोड्या पाडायची: सतरा, चौसष्ट.
सतरात चार चोक सोळा, एक उरला,
त्याच्याशेजारी चौसष्ट उतरवले. एकशे चौसष्ट.
चारची दुप्पट आठ. आता आठशेजारी कोण बसेल,
जो बसून पुन्हा स्वतःच गुणायला येईल?
दोन. ब्याऐंशी दुणे एकशे चौसष्ट.
खाली शून्य. वर बेचाळीस.
वडील तोवर पावलांनी मोजून आलेले:
"बेचाळीसच. तुह्या खडूपेक्षा माही चप्पल स्वस्त."

एका साली मुनवे आले अठराशे.
बेचाळीस ओळी कमी, त्रेचाळीस जास्त.
मी दशांशचिन्ह दिलं, शून्यांच्या जोड्या उतरवत गेले,
बेचाळीस पूर्णांक चार, दोन, सहा…
ओट्याची फरशी संपली, मूळ संपेना.
वडील म्हणाले, पुस. छत्तीस उरले एवढंच खरं.
बांधापलीकडच्या सोपान नारखेड्यांशी
आमचा तेव्हा छत्तीसचाच आकडा.
वडिलांनी गोणी त्यांच्या बांधावर ठेवली, बोलले नाहीत.
त्यांनी सहा-सहाच्या सहा ओळी लावल्या, तेही बोलले नाहीत.
घड उतरले तेव्हा एक फणी आमच्या ओट्यावर होती.

मग धरणाचा फुगवटा वावरात आला.
कोपऱ्यातलं चारशे चौरस पावलं पाण्यात.
तलाठ्यानं कागदावर मांडलं: वजा चारशे.
मी रावेरला अकरावीत.
"मले सांग पोरी, या वजा चारशेची एक बाजू किती?"

वीस नाही, मी म्हटलं, वीस विसा चारशे, ते अधिक.
वजा वीसही नाही,
वजाला वजानं गुणलं तरी अधिकच येतं.
कॅल्क्युलेटर दाबला. त्यानं कोपऱ्यात एक अक्षर दाखवलं
आणि गप्प बसला.
"म्हंजे मूळच नाही?"
"आहे. वीस आय."
"आय घाटावरच्यांची. आपली बोय."
आमची बोय परातीवर वाकून हसत राहिली.

"काल्पनिक संख्या म्हणतात तिला."
हा शब्द त्यांना पटला नाही.
वावर खरं, पाणी खरं, कागदावर शिक्का खरा,
बाजूच तेवढी काल्पनिक काहून?

सांजेला नारखेड्यांचं औत चाललं होतं.
बैल धुऱ्याशी आले, काटकोनात वळले,
पुन्हा काटकोनात वळले,
आणि आल्या दिशेला तोंड करून निघाले.
"बापा, एक वळण म्हणजे आय.
तसंच आणखी एक घेतलं की वजा एक.
आयला आयनं गुणलं की तोंड फिरतं."
ते बैलांकडं बघत राहिले. तीन तासं झाली, चार झाली.
"म्हंजे पहिल्या वळणावर बैल पुढंबी नाही, मांघंबी नाही."
"नाही."
"तठी तास नसतं. पन बैल असतो."

सकाळी त्यांनी शेवटच्या खुंटीला सुतळी बांधली,
तीन, चार, पाच गाठींचा गुण्या लावला
आणि वीस पावलं पाण्यात चालत गेले.
घोटा, गुडघा, कंबर.
हातोडीचा आवाज आला नाही,
फक्त पाणी दोन-तीनदा हललं.

पुढं एका वैशाखात पाणी उतरलं, मी जळगावला होते.
फोन नारखेडेकाकांचा:
"तुह्या बापाची खुंटी सापडली व.
माह्या सहाच्या ओळीशी लावून पाहिली.
बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही."