जागा

सोहारच्या दवाखान्यात मी एक्स-रेच्या नोंदी ठेवायचे.
त्या एप्रिलात खलफान साहेबांनी वही फिरवली:
बंगाली कोण? मल्याळम कोण? मराठी?
मी हात वर केला. शाळेनंतर पहिल्यांदाच.

यंत्राला बोलायला शिकवायचं होतं.
'विलगीकरण' लिहिलं, खोडलं.
बंदरावरच्या वेल्डरच्या कधी तोंडात आलाय हा शब्द?
'वेगळे झोपा' लिहिलं.
आठ खाटांच्या खोलीत वेगळं म्हणजे कुठे,
ते माझ्या रकान्यात मावत नव्हतं.
एक दाबा, ताप. दोन दाबा, तपासणी.
तीन दाबा, अफवा कोणत्या आणि खरं काय.
यंत्राचं नाव ठेवलेलं सालेम, म्हणून सगळं पुल्लिंगी:
मी सांगतो, मी कळवतो, माफ करा, मी समजू शकलो नाही.
गॅदरिंगला काजळाने मिशी काढायचे, तसं वाटायचं.

रोज संध्याकाळी यायचा
सालेमला न कळलेल्या प्रश्नांचा कागद.
'पगार थांबला, हे कितव्या नंबरात येतं?'
'वास येत नाही. पण इथे वास घेण्यासारखं आहे काय?'
'आई गेली गावी. मास्क लावून रडलं तर चालतं का?'
आणि एकच नंबर, रोज रात्री दोनला:
'जागा आहेस का?'
सालेम सांगायचा, हात वीस सेकंद धुवा.
'जागा आहेस का?'
वीस सेकंद धुवा.

अकराव्या दिवशी, कुणाला न विचारता,
मी एक ओळ घुसवली.
प्रश्नात 'जागा' आलं, की म्हणायचं:
हो, जागा आहे. पाणी प्यालात का?

दुसऱ्या दिवशीच्या कागदावर उत्तर होतं:
'प्यालो. कोमट होतं.'
मी नवऱ्याला वाचून दाखवलं.
तो म्हणाला, झोप आता.

मग एका पहाटे फाटकापाशी दिलावर होडेकर,
बॅगेवर बसलेला, ओठांना पापुद्रे,
रखवालदाराच्या नाकासमोर मोबाईल धरून.
त्याने विचारलं होतं, वॉर्डात जागा आहे का?
सालेम म्हणाला होता, हो, जागा आहे.

नव्हती.
जिन्याखालीसुद्धा नव्हती.
सिस्टर लिसीने मोबाईल वाचून घेतला,
प्लास्टरच्या खोलीतलं टेबल ओढलं, चादर टाकली,
आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली,
सरकारी फोन बोलतोय ना आहे, मग आहे.

खलफान साहेबांनी ओळ काढायला लावली.
ओरडले नाहीत. रोजा होता, घसा कोरडा होता.
एवढंच विचारलं,
एका शब्दात दोन माणसं का कोंबता तुम्ही लोक?
तेव्हा सुचलं नाही. बसमध्ये सुचलं.
मी माझ्या तोंडाने बोलले असते
तर 'जागी' म्हटलं असतं.
कुणी फसलं नसतं.
दिलावर होडेकर खोलीतच राहिला असता,
आठांतला आठवा.

ओळ काढली त्या रात्री दोनलाही
प्रश्न आला होता. वीस सेकंद, सालेम म्हणाला.
कागदावर त्याखाली आणखी एक ओळ होती,
तिच्यापुढे शेरा: प्रश्न नाही, उत्तराची गरज नाही.

'प्यालो पाणी. तू विचारलं नाहीस तरी.'