आहेस का?

मगदूमबाईंचा फोन, सकाळी साडेआठला:
"नेट गेलंय. राजारामपुरी, सातवी गल्ली.
येणार, का नुसतं व्हय व्हय म्हणणार?"

गेलो. राउटर बघतो तर लोखंडी कपाटात,
साड्यांच्या घडीवर, वर क्रोशाचा रुमाल.
"चोरीला जाईल म्हणून," म्हणाल्या.
बाई, वायफाय म्हणजे रेडिओच की,
लोखंडात कोंडला तर गुदमरणारच.
बाहेर काढला, उंचावर ठेवला.
एक दिवा हिरवा झाला, एक तांबडाच.

"तो तांबडा कसला?"
तो मोडेमचा. मोडेम बाहेरच्या जगाशी बोलतो,
राउटर ते घरात वाटून देतो.
गल्लीच्या तोंडाला केबल तुटलीय,
आमचा माणूस खांबावर चढलाय.
तोवर चहा टाका.

चहा उकळेपर्यंत सांगत बसलो.
आयपी म्हणजे पत्ता, राजारामपुरीसारखा,
नावापेक्षा आकडा मोठा.
पण घरातल्या घरात फोन, टीव्ही, नातवाचा लॅपटॉप
यांचे नंबर वेगळे: कुणी पिंट्या, कुणी बाळ्या.
असले पिंट्या गावात घरटी एक.
उंबऱ्याबाहेर मात्र सगळ्यांचं मिळून एकच नाव, मगदूम.
कुणी काय मागवलं ते राउटर ध्यानात ठेवतो,
पिंट्याचं पार्सल बाळ्याच्या हाती पडू देत नाही.

"आणि स्पीड?"
गंगावेशीत म्हशीपाशी दुधाला थांबलाय कधी?
पेला केवढा, ती बँडविड्थ.
मागितल्यापासून फेस ओठाला लागेपर्यंतचा वेळ,
ती लेटन्सी.
कंपनी जाहिरात करते पेल्याची,
माणूस चिडतो ते थांबण्याला.
हसल्या. पहिल्यांदाच.

डीएनएसवर आलो, तर मलाच अडवलं:
"म्हणजे लोकांनी नाव सांगायचं, नंबर दुसऱ्यानं काढायचा?
अरे, ते मी एकतीस वर्षं केलं.
टेलिफोन एक्स्चेंज, रात्रपाळी, कानाला हेडफोन.
व्यापारी नंबर सांगायचेच नाहीत.
'शाहूपुरीतले चौगुले द्या.'
कुठले चौगुले, गूळवाले का सायकलवाले?
डोक्यात होतं सगळं.
तुझं ते डीएनएस म्हणजे मी."

मी गप्प. कपात बिस्किट बुडालं.

"पहाटे चारला बोर्ड रिकामा असायचा.
मग गडहिंग्लजला प्लग लावायची.
तिकडं पद्मावती नेर्लेकर.
'आहेस का?'
'आहे.'
बस्स. काढून टाकायचा.
रजिस्टरात लिहायचं, लाईन तपासली."
ह्याला पिंग म्हणतात, मी म्हटलं.
"म्हणत असतील."

दिवा हिरवा झाला.
नवा पासवर्ड घालताना मी खिडकीकडं तोंड केलं,
त्यांनी एकेक अक्षर बोटानं दाबलं.
"आम्ही सगळं ऐकायचो. सांगितलं कुणालाच नाही.
तुमच्यात ते कुलूप कोण लावतं?"
एन्क्रिप्शन. माणूस नाही, गणित.
"गणित बरं. त्याला शेजारीण नसते."

रात्री ऑफिसातून त्यांची लाईन तपासली.
काळ्या पडद्यावर चार ओळी,
अकरा मिलिसेकंद, बारा, अकरा, अकरा.
आहे. आहे. आहे. आहे.

पुढची तक्रार: साइक्स एक्स्टेंशन, दुसरा मजला,
राउटर माशांच्या टाकीमागं.