कूळ विचारताना

मिनिटाला चार सेकंद येतात प्रोटॉन.
उरलेली छप्पन्न आमची:
कॉफी, वायरी, ग्लेंडाचा खोकला,
बाहेर बटेव्हियाचं सपाट, निळसर बर्फ
आणि कुंपणापलीकडे बायसन,
पाठीवर पांढरे थर घेऊन,
कुणी ठेवून विसरल्यासारखे.

मग घंटा वाजते.
बोटाच्या पेराएवढ्या ग्राफाइटवर
प्रोटॉन आदळतात, फुटून जे उडतं
ते मी मोजते.
किती पायॉन, किती केऑन,
कुठल्या कोनात,
चुंबकापाशी कुणाची वाट किती वाकली.

लोक विचारतात, म्हणजे न्यूट्रिनो दिसतो का तुम्हाला?
नाही हो. त्याच्या आईबापांची चौकशी करते मी.
तो जन्मेल दुसऱ्याच शलाकेत,
उडता पायॉन वाटेत विरला की,
आणि तेराशे किलोमीटर खडकातून
साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत पोचेल,
बहुतेक वेळा न थांबताच पुढे जाईल.
खाणीतले विचारतील, निघाले होते किती?
आणि आम्ही इतकी वर्षं सांगत आलो,
असतील अमुक. आठ-दहा टक्के इकडेतिकडे.

नदीचं मूळ, ऋषीचं कूळ
विचारू नये म्हणतात.
माझी नोकरीच ती.

बाबा मिरजेच्या जकात नाक्यावर होते.
रात्रभर ट्रक. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
त्यातली हळद कुठल्या गावी गेली,
कुणाच्या अंगाला लागली,
त्यांना कधी कळलं नाही.
चुकला एखादा तर? मी विचारलं होतं.
चुकतोच, म्हणाले.
किती चुकतात ते माहीत पाहिजे.

आज केऑन जास्त येत होते.
गणितापेक्षा बरेच जास्त,
आणि मी मनातल्या मनात पेपरचं शीर्षकही लिहिलं.
तीन चाळीसला बीम पडला.
ग्लेंडा टॉर्च घेऊन आत गेली,
परतली ती हातात काळ्या टेपचा तुकडा घेऊन.
सातव्या काउंटरची कड सुटली होती.
समोर कुणीतरी टेबलदिवा चालू ठेवलेला.
साडेतीन तास आपण, ती म्हणाली,
थोडा दिवाही मोजलाय.

मी काही बोलले नाही.
ती नवी टेप लावत बसली,
बाळाच्या दुपट्याची घडी घालावी तशी
कोपरे दाबून दाबून.
तिला न्यूट्रिनोचं फारसं कौतुक नाही.
उजेड आत जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम.
बत्तीस वर्षं.

नोंदवहीत लिहिलं:
बारा दहा ते तीन चाळीस, वापरू नये.
कारण, दिवा.
खाली सही केली, आणि उगाचच
समासात चार उभ्या रेघा ओढल्या.

पाचवी ओढणार तेवढ्यात
घंटा वाजली.