एलिचपूर ११

दगड सापडला बोअरिंगपाशी,
आकडे खाली, पाठ वर.
त्या पाठीवर वच्छला तायडे
वीस वर्षं गोधड्या आपटत आली.
"नेता त न्या," म्हणाली, "पन मंग
धुनं आपटू कायावर?"

उलटा केला. चिखल खरवडला.
एलिचपूर ११.
दुसरा एक्का जरा कललेला,
पाथरवटाची भाकरीची वेळ झाली असावी.

साहेब म्हणाले, कचेरीच्या बागेत बसवू,
भोवती साखळी लावू.
बिसन मावस्कर, रिटायर मैलकुली,
तीस दिवाळ्या याच दगडाला चुना फासलेला,
टोपी काढून म्हणाला,
"तिथून एलिचपूर अर्धा कोसई नाई, साहेब.
दगडाले खोटं बोलाले लावता?"

मग निघाला पुलापासून पावलं मोजत.
मोरी. पळसाचं खोड.
तिथं डांबर सोडून सरळ तुरीत शिरला,
रस्ता तेव्हा तिकडून वळायचा.
थांबला. टाच रोवली.

आता दगड धुऱ्यावर उभा आहे,
रस्त्यापासून साठ पावलं आत.
जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत नाही.
अंतर बरोबर आहे.

बोअरिंगपाशी नवी फरशी बसवली.
वच्छला म्हणते,
गुळगुळीत आहे, मळ सोडत नाही.