अधिक पॉइंट दोन

उद्यमबागेतल्या या खोलीत कायम वीस अंश,
बाहेर एप्रिल असो की जानेवारी.
फाउंड्रीतून वंगणासकट मायक्रोमीटर येतात,
शहापुरातून सोनाराचे काटे,
नंदगडच्या डेअरीतून थर्मामीटर,
अर्ध्या कानडी, अर्ध्या मराठी रद्दीत गुंडाळलेले.

तिसऱ्या गेटावरून मालगाडी गेली
की तराजूचा शेवटचा आकडा थरथरतो.
बसवंतमामा हात वर करायचे,
"गप की जरा. जाऊ दे तिला."
चिमटा हवेत, चिमट्यात दोनशे ग्रॅम,
मिरजेकडे डबे संपेपर्यंत आम्ही उभे.

पहिल्याच महिन्यात माझा उघडा अंगठा
मास्टर वजनाला लागला.
म्हटलं, पुसते, कुणाला कळतंय.
मामांनी आधी तोलून बघितलं.
माझा घाम, डब्यातल्या भाजीचं तेल,
सगळं मिळून पॉइंट झिरो पाच मिलिग्रॅम.
रागावले नाहीत. वहीत लिहिलं,
अंगठा, रेणुका, आणि तारीख घातली.

गेल्या दिवाळीनंतर मामा
पारा दोन खुणा वर वाचू लागले.
मला दिसत होतं.
कसं सांगायचं? त्यांनीच तर शिकवलेलं,
डोळा पाऱ्याच्या बरोबरीत आणावा, वरून बघू नये.
ते चहाला गेले की मी पुन्हा वाचायची.
दाखल्यावर माझा आकडा जायचा,
वहीत त्यांचा राहायचा.

एका सोमवारी त्यांनी शिवानंदला बोलावलं,
आयटीआयचं पोरगं, चिकोडीकडचं.
"ओदु," म्हणाले. वाच.
"इप्पत्तु पॉइंट एरडु."
मामांच्या कागदावर वीस पॉइंट चार.
मग तीस अंशांचं पाणी. मग चाळीस.
दहा वेळा, आणि दहाही वेळा तेवढंच अंतर.

"तेवढंच असेल तर वजा करता येतं की, मामा."
"आज येतं," म्हणाले,
आणि वही ओढून घेतली.
उपकरण: ब. मुतगेकर, उजवा डोळा.
त्रुटी: अधिक पॉइंट दोन.
वापरातून बाहेर.
खाली एक ओळ: चुकीचे दाखले
सगळे परत मागवावेत.

तेव्हा मला तोंड उघडावं लागलं.
दाखले बरोबर आहेत, मामा.
आकडे माझे आहेत.

लांबून गाडी येत होती.
त्यांनी हात वर केला नाही.
याही वेळी रागावले नाहीत,
पेनाचं टोपण काढून एवढंच विचारलं,
"कधीपासून? तारीख सांग."

ती मी कुठंच लिहून ठेवली नव्हती.