ताटांची वही

पहिल्या महिन्यात ऐंशी ताटं.
वहीत तसंच लिहिलंय: ऐंशी, त्यातली बावीस शाकाहारी,
एक बिनकांद्याचं.
निवतीच्या बंदरावर तेव्हा जनरेटर रात्रभर गुरगुरायचा
आणि 'ॲक्शन' म्हटलं की कुत्रीसुद्धा गप्प व्हायची.

टीआरपी म्हणजे काय ते मला कोणी सांगितलं नाही.
मी भात मोजायचे.

मालिकेतली रत्नी लिलावात बोली लावायची,
बांगड्याचा कल्ला उचकटून ताजा-शिळा सांगायची.
एक्केचाळिसाव्या भागात तिनं पास्कूला
इंजिनाच्या पट्ट्यासाठी सातशे रुपये दिले,
पदराच्या गाठीतले, दोनदा मोजून.
त्या संध्याकाळी साडेसातला
सगळ्या वाडीत आमटी करपली.

मग रत्नीला सासर लागलं, लॉटरी लागते तसं.
हातात पाटल्या, आणि बंदरावर यायला काही कारण उरलं नाही.
तरी आणायचे तिला, भरजरी साडीत,
पदर उडावा म्हणून पंखा लावायचे.
समुद्रासमोर पंखा!
सासूनं पेल्यात काहीतरी टाकलं सोमवारी,
पेला ओठाला लागला शुक्रवारी.
टोपलीतले मासे प्लास्टिकचे झाले,
कारण खऱ्यांना, म्हणे, वास येतो.

सुंदरमावशी पहिली उठली.
"ह्या बायचे हात बघलंस?" म्हणाली,
"एक खवलो चिकटलेलो नाय."
भांडण नाही, काही नाही.
पीठ मळायचंय म्हणून आत गेली
आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही.
तिच्यामागून गिरपांच्या दोघी सुना,
मग टीव्ही ज्यांचा होता, त्याच.

वहीत पंचावन्न.
रत्नीची स्मृती गेली. पन्नास.
रत्नीला जुळी बहीण निघाली. अडतीस,
आणि अंडं बंद, नुसती उसळ करा असा निरोप.
मग वेळ बदलली, रात्री साडेदहा.
पहाटे तीनला ज्यांना होडी लोटायची
त्यांनी साडेदहाला कोणाची बहीण बघायची?

लेखक म्हणजे चष्म्यातला एक पोरगा, वाईचा.
स्वतःचं ताट स्वतः विसळायचा, एवढं त्याचं मला आवडायचं.
एकदा मोरीजवळ उकिडवा बसून म्हणाला,
"काकी, आता काय करू तिचं?"
मी म्हटलं, "बाजारात पाठव.
पास्कूकडे सातशे रुपये मागू दे."
तो विसळता विसळता थांबला.
विसरला होता. स्वतःच लिहिलेलं.
पेन काढून तळहातावर घेतलं त्यानं: ७००.
सकाळी वरून फोन आला,
देवीचा कोप हवाय, आणि नाग.
दुपारी जेवायला आला तेव्हा
हात स्वच्छ धुतलेले होते.

शेवटच्या दिवशी बारा ताटं.
सवयीनं मी तिसांचं शिजवलं होतं.
दोन भागांत सगळं आवरलं त्यांनी,
सासू रडली, नाग गेला,
आणि पहिल्या भागात बुडालेला बाप
कोरड्या कपड्यांत परत आला.
जांभ्याचा रंग दिलेली थर्माकोलची विहीर
तशीच टाकून गेले पुळणीवर.
आगोटीच्या उधाणानं ती नेली.
वर्षभर पागाला तिचे तुकडे लागत होते.

माझं तीन महिन्यांचं बिल अजून यायचंय.
फोन करते, तिकडून गाणं वाजतं.

पास्कूचं काम आमच्याच अंतोननं केलं होतं,
चार वाक्यं, रोजचे आठशे.
बाजारात बायका त्याला अजून सोडत नाहीत:
"काय रे, रत्नीचे सातशे दिलंस?"
तो हसतो, तराजू पुसतो.
परवा मात्र वजन झाल्यावर
त्यानं सुंदरमावशीच्या टोपलीत
दोन बांगडे वरून टाकले,
म्हणाला, "तिच्या खात्यात."

मावशीनं ते उचलून कल्ले बघितले.
"साठ रुपये धरतंय," म्हणाली.
"सहाशे चाळीस ऱ्हवले."